उघडी विहीर : ई-कचरा आणि आपली जबाबदारी



निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात (ओवी ३३-३४) एक छोटासा नियम आहे. रविवारच्या वाचनांत तो येत नाही, म्हणून बहुतेकांच्या कानावरून गेलेला नसतो. कोणी खड्डा खणला, त्यावर झाकण ठेवले नाही आणि शेजाऱ्याचा बैल किंवा गाढव त्यात पडून मेले, तर खड्ड्याच्या मालकाने नुकसान भरून द्यावे, असा त्याचा आशय आहे. अनुवादाच्या पुस्तकात (२२:८) याच जातीचा दुसरा नियम आहे. नवे घर बांधताना धाब्याला कठडा करावा. न केल्यास आणि कोणी वरून पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो.

वसईच्या माणसाला हे नियम फार समजावून सांगावे लागत नाहीत. ज्याच्या वाडीत विहीर, त्याने तिला कठडा बांधायचा, ही आपल्याकडची जुनी समज आहे. विहीर खणणाऱ्याचा हेतू पाणी काढण्याचा असतो, कोणाचा जीव घेण्याचा नसतो. तरीही रात्रीच्या अंधारात शेजाऱ्याचे पोर तीत पडले, तर 'आमचा हेतू चांगला होता' हे उत्तर गाव ऐकून घेत नाही. आपल्या मालकीच्या वस्तूमुळे, आपल्या ध्यानीमनी नसताना, आपण कधी न पाहिलेल्या माणसाला इजा होणार असेल, तर ती टाळण्याची जबाबदारी आपली, हा या दोन्ही नियमांचा गाभा आहे.

आजच्या पाठात हा नियम आपण घरातील बंद पडलेल्या विजेच्या वस्तूंना लावून पाहणार आहोत. माळ्यावरचा जुना टीव्ही, कपाटाच्या खणातले तीन-चार मोबाइल, तुटलेले चार्जर, जळालेला मिक्सर, फुगलेली बॅटरी, उडालेल्या ट्यूबलाइट, आणि दर नाताळात गोठ्यासाठी नव्याने घेतलेल्या व जानेवारीत बंद पडलेल्या दिव्यांच्या माळा. या सर्वांना मिळून आज ई-कचरा म्हणतात. लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत चर्चा करता यावी, म्हणून हा विषय थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

१. वस्तूच्या पोटात काय असते?

केळीची साल किंवा भाताची पेंढी टाकली, तर माती ती आपल्यात घेते. विजेच्या वस्तूंचे तसे होत नाही. जुन्या पद्धतीच्या, मागे फुगीर असलेल्या टीव्हीच्या काचेत किलोच्या हिशेबात शिसे असते. आतील किरण बाहेर येऊ नयेत म्हणून ते घातलेले असते. जुन्या सर्किटवर भाग जोडण्यासाठी जो डाक लावीत, त्यातही कथलाबरोबर शिसे असे. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत थोडा पारा असतो. काही जुन्या चार्जिंगच्या बॅटऱ्यांत कॅडमियम असते. वायरींवरचे प्लॅस्टिक जाळले की डायॉक्सिन नावाची अत्यंत घातक द्रव्ये तयार होतात. जुन्या फ्रीजमधील वायू बाहेर सुटला, तर पृथ्वीभोवतीची उष्णता वाढवण्यात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहूनही अधिक प्रभावी ठरतो.

वस्तू घरात चालू असते तेव्हा हे सारे बंदिस्त असते. टीव्ही पाहिल्याने कोणाला शिशाची बाधा होत नाही. धोका सुरू होतो तो वस्तू फोडली, जाळली, वितळवली किंवा आम्लात बुडवली की. म्हणजे वस्तू आपल्या दारातून बाहेर गेल्यावरच तिचे विष मोकळे होते. आपल्याला ते दिसत नाही, याचे कारण एवढेच.

या विषांत शिशाविषयी मातांनी विशेष जाणून घ्यावे. शिशाची शरीरात अमुक एक मात्रा सुरक्षित आहे, असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तेवढेच शिसे पोटात गेले, तर लहान मूल ते मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेते. त्याचा मारा वाढत्या मेंदूवर होतो. शिकणे मंदावते, लक्ष लागत नाही, आणि एकदा झालेली हानी औषधाने भरून निघत नाही. शरीरात गेलेले शिसे हाडांत साठते. पुढे ती मुलगी गरोदर राहिली, की हाडांतील शिसे रक्तात उतरते आणि गर्भातील बाळापर्यंत पोहोचते. एका पिढीने श्वासावाटे घेतलेले विष दुसऱ्या पिढीला आईच्या उदरातच मिळते.

२. भंगाराच्या गाडीनंतर

आपण वस्तू भंगारवाल्याला वजनावर देतो. तो ती मोठ्या व्यापाऱ्याला विकतो. तेथे वस्तू सुटी होते. तांबे एकीकडे, लोखंड दुसरीकडे, प्लॅस्टिक तिसरीकडे आणि सर्किट चौथीकडे. मुंबईत कुर्ला, साकीनाका या भागांत हा व्यवसाय वर्षानुवर्षे चालत आला आहे. दिल्लीतील सीलमपूर हे देशातील त्याचे मोठे केंद्र. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद हे पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. तेथे धातू गाळण्याचे कसब पिढीजात होते, म्हणून सर्किट जाळून तांबे काढण्याचा धंदाही तेथे वाढला, आणि रामगंगेच्या काठावर त्या राखेचे ढीग साचले.

या कामाची रीत जगात सर्वत्र जवळजवळ सारखीच आहे. शेगडीवर सर्किट तापवतात, डाक वितळला की भाग उपटून काढतात. वायरींची भेंडोळी पेटवून देतात, म्हणजे प्लॅस्टिक जळून तांबे उरते. सोने काढण्यासाठी तीव्र आम्ल वापरतात आणि उरलेले आम्ल गटारात किंवा जमिनीवर ओततात. तोंडाला फडके बांधले तर बांधले. अनेक ठिकाणी घर आणि कारखाना एकच असतो. आई सर्किट सोलते आणि मूल तिच्या शेजारी खेळते.

याचा परिणाम मोजला गेला आहे. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात ग्वीयू नावाचे गाव आहे. अनेक वर्षे जगभरातून आलेला ई-कचरा तेथे घराघरांत फोडला जाई. २००२ साली दोन पर्यावरण संस्थांनी तेथील परिस्थिती जगापुढे आणली. पुढे शानतोऊ येथील वैद्यकीय संशोधकांनी गावातील सहा वर्षांपर्यंतच्या १६५ मुलांचे रक्त तपासले. २००७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या काळी रक्तातील शिशाची जी पातळी धोक्याची रेषा मानली जाई, तिच्यावर ग्वीयूतील शंभरांपैकी जवळजवळ ८२ मुले होती. शेजारच्या, हा धंदा नसलेल्या गावात हेच प्रमाण सुमारे ३८ होते. पुढे २०१५ च्या सुमारास सरकारने घरगुती धंदे बंद करून हे काम औद्योगिक वसाहतीत हलवले. परंतु ज्या मुलांचे बालपण त्या धुरात गेले, त्यांचे गेलेले काही परत आले नाही.

ग्वीयू आपल्यापासून दूर आहे. त्या शेगड्या मात्र दूर नाहीत. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने मुले आणि ई-कचरा या विषयावर अहवाल दिला. असंघटित औद्योगिक क्षेत्रात जगभरात एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक मुले-मुली राबतात, कचरा सुटा करण्याचे काम हा त्याच क्षेत्राचा भाग आहे, आणि त्यांतील काही मुले पाच वर्षांची आहेत, असे त्यात नमूद आहे. लहान बोटे अरुंद जागी सहज शिरतात, म्हणून त्यांना हे काम दिले जाते.

कचऱ्याची रास तर वाढतच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन योग्य प्रक्रिया झाल्याची नोंद केवळ २२.३ टक्क्यांची आहे. २०३० पर्यंत ही रास आठ कोटी वीस लाख टनांवर जाईल, असा अंदाज आहे. चीन आणि अमेरिका यांच्यानंतर सर्वाधिक ई-कचरा निर्माण करणारा देश भारत आहे.

३. जास्तीचे पन्नास रुपये कोठून येतात?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, घरातला जुना संगणक द्यायचा आहे. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्र त्याचे काही पैसे देते. भंगारवाला त्याहून पन्नास रुपये जास्त देतो. आपण साहजिकच भंगारवाल्याला हाक मारतो. त्याला ते पन्नास रुपये परवडतात कसे?

उत्तर सरळ आहे. केंद्राला धूर पकडणारी यंत्रे बसवावी लागतात, सांडपाणी शुद्ध करावे लागते, कामगारांना मास्क आणि हातमोजे द्यावे लागतात, उरलेला विषारी भाग ठरावीक ठिकाणी पैसे भरून पोहोचवावा लागतो. शेगडीवर सर्किट तापवणाऱ्याला यांपैकी कोणताही खर्च नसतो. तो खर्च कामगाराची फुप्फुसे, त्याच्या मुलाचा मेंदू आणि त्या वस्तीची विहीर सोसते. म्हणजे ते जास्तीचे पन्नास रुपये भंगारवाल्याच्या खिशातून आलेले नसतात. ज्याला आपण ओळखत नाही, अशा एखाद्या लेकराच्या आरोग्यातून ते कापून घेतलेले असतात.

संत याकोबाने आपल्या पत्रात (५:४) मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करते आणि तो आक्रोश देवाच्या कानी जातो, असे श्रीमंतांना बजावले आहे. येथे मजुरीबरोबर मजुराचे आयुष्यही अडवले जाते. म्हणून हा विषय पाचव्या आणि सातव्या आज्ञेच्या कक्षेत येतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सृष्टीची अखंडता जपण्याचे कर्तव्य सातव्या आज्ञेखालीच शिकवतो (परिच्छेद २४१५). चोरी करू नये, या आज्ञेत पुढच्या पिढीचे स्वच्छ पाणी आणि शेजाऱ्याची शुद्ध हवाही येते.

यावर एक प्रामाणिक शंका निघते. 'फादर, आम्ही कोणाचे वाईट व्हावे म्हणून टीव्ही विकला नाही. घर साफ केले एवढेच.' या शंकेचा मान राखला पाहिजे. ख्रिस्तसभेची नीतिशिकवण कोणतीही कृती तीन अंगांनी तपासायला सांगते : प्रत्यक्ष कृती, तिच्यामागचा हेतू आणि तिची परिस्थिती व परिणाम. हेतू निर्मळ असला, तरी बाकीची दोन अंगे तपासावीच लागतात.

अज्ञानाचेही तसेच आहे. नीतिशास्त्रात अज्ञान दोन प्रकारचे मानतात. एक, जे दूर करणे माणसाच्या हाती नव्हते. त्याचा दोष त्याला लागत नाही. दुसरे, जे सहज दूर करता आले असते, पण चौकशी करण्याचे कष्ट त्याने घेतले नाहीत. त्याचा दोष त्याच्यावर राहतो. आपल्या आजी-आजोबांना टीव्हीच्या काचेत शिसे असते हे कळायला मार्ग नव्हता. आपल्याला आहे. मिस्सेच्या आरंभी आपण कृतीने घडलेल्या पापांबरोबर कर्तव्यातील हयगयीचीही कबुली देतो. ही हयगय त्या कबुलीत येते.

लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांचा दाखला (१६:१९-३१) या संदर्भात पुन्हा वाचावा. त्या श्रीमंताने लाजरसाला मारहाण केली, त्याचे काही लुबाडले, असे दाखल्यात कोठेही नाही. दारात पडलेला माणूस त्याने पाहिलाच नाही, एवढाच त्याचा गुन्हा. आजचा लाजरस आपल्या दारात नसतो, आपल्या वस्तूच्या वाटेवर पुढे कोठेतरी असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात घातक कचऱ्याविषयी बोलताना इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचाही उल्लेख केला आहे, आणि वस्तू पटकन फेकून देणारी संस्कृती माणसांनाही तशीच बाजूला टाकते, असे दाखवून दिले आहे. वस्तूचा कचरा आणि माणसाची उपेक्षा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्यांच्या शिकवणुकीचे सार आहे.

४. कायदा कोठवर पोहोचतो?

ई-कचऱ्याविषयी भारतात पहिले स्वतंत्र नियम २०११ साली झाले व ते १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ मध्ये ते बदलले. सध्या लागू असलेले नियम २०२२ चे असून ते १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. त्यांत शंभरांहून अधिक प्रकारच्या वस्तू येतात. त्यांचे मुख्य सूत्र असे, की ज्याने वस्तू बाजारात आणली, त्या उत्पादकानेच तिच्या शेवटाची व्यवस्था लावावी. त्यासाठी उत्पादकांना वाढती उद्दिष्टे ठरवून दिली आहेत. पहिल्या दोन वर्षांसाठी ६० टक्के, त्यापुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. निर्गमातील खड्ड्याचा नियमच आधुनिक कायद्याच्या भाषेत परत आला आहे, असे म्हणायला हरकत नाही. खड्डा ज्याचा, भरपाई त्याची.

हे नियम उत्पादक, दुरुस्ती करून पुन्हा विकणारे, पुनर्प्रक्रिया करणारे आणि मोठे ग्राहक यांना बांधतात. मोठा ग्राहक म्हणजे एक हजार किंवा त्याहून अधिक उपकरणे वापरणारी संस्था. आपले घर किंवा आपले चर्च त्यात बसत नाही. साध्या कुटुंबासाठी या नियमांत तशी वेगळी जबाबदारी मांडलेली नाही. उत्पादकाने कितीही केंद्रे उघडली, तरी आपल्या माळ्यावरचा टीव्ही त्या केंद्रात न्यायचा की नाही, हे आपणच ठरवतो. कायद्याचा हात आपल्या उंबऱ्यापाशी थांबतो. तेथून पुढे सद्सद्विवेकबुद्धीचे काम सुरू होते.

५. कचऱ्यातील सोने

योग्य रीतीने हाताळला तर हाच कचरा संपत्ती आहे. चांगल्या केंद्रात फ्रीजमधील वायू आधी बंद यंत्राने ओढून घेतात, शिशाची काच वेगळी काढतात, बॅटऱ्या बाजूला ठेवतात. मग उरलेला भाग यंत्रात बारीक करून चुंबकाने लोखंड आणि इतर पद्धतींनी तांबे व ॲल्युमिनियम वेगळे करतात. सर्किटमधील सोने-चांदी धूर पकडणाऱ्या भट्ट्यांत काढली जाते. विष बंदिस्त राहते आणि धातू पुन्हा वापरात येतो. तेवढा धातू मिळवण्यासाठी नवा डोंगर फोडावा लागत नाही.

याचे सुंदर उदाहरण जपानचे आहे. टोकियो ऑलिंपिकची पदके जुन्या उपकरणांतून काढलेल्या धातूंची करायची, असे तेथे ठरले. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात लोकांनी सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणे आणि ६२ लाखांहून अधिक मोबाइल दिले. त्यांतून ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळाले व सुमारे पाच हजार पदके तयार झाली. ७ ऑगस्ट २०२१ रोजी भालाफेकीत नीरज चोप्रा यांच्या गळ्यात जे सुवर्णपदक पडले, ते अशाच टाकून दिलेल्या वस्तूंतून घडलेले होते. कोणाच्या तरी कपाटाच्या खणात पडून राहिलेला मोबाइल भारताच्या आनंदाचे कारण झाला.

६. भंगारवाला आपला शत्रू नाही

येथवर वाचून कोणी भंगारवाल्याला दारातून हाकलू लागला, तर या पाठाचा उलटा अर्थ होईल. उन्हातान्हात हातगाडी ढकलणारा तो माणूसही या साखळीतला सोसणाराच आहे. वस्तू गोळा करणे हे त्याचे काम घातक नाही. घातक आहे ते पुढचे फोडणे, जाळणे आणि आम्लात बुडवणे. कागद, पत्रा, काच, साधे लोखंड त्याला जरूर द्यावे. ते त्याचे पोट आहे आणि त्याचे आपल्यावर उपकारही आहेत.

पुण्याने या बाबतीत चांगला रस्ता दाखवला आहे. तेथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली. पूर्वी कचराकुंडीत हात घालणाऱ्या स्त्रिया आता ओळखपत्र लावून घरोघरी कचरा गोळा करतात. गोळा करणाऱ्याचा रोजगार टिकवावा आणि घातक काम मात्र योग्य केंद्रातच व्हावे, अशी सांगड घालता येते. आपल्या भागातील भंगारवाल्यांनी ई-कचरा गोळा करून नोंदणीकृत केंद्राला द्यावा आणि त्यांच्या मेहनतीचे पैसे त्यांना मिळावेत, अशी व्यवस्था धर्मग्रामाच्या पातळीवर करून पाहण्यासारखी आहे.

७. आपण काय करावे?

पहिले, नवी वस्तू घेण्याआधी जुनी दुरुस्त होते का ते पाहावे. वस्तू जितकी जास्त वर्षे चालेल, तितका कचरा कमी. दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले आहे. पहिल्या कम्युनियनला किंवा दहावीला मुलाला नवा मोबाइल देताना घरातला चालू मोबाइल का चालणार नाही, हा प्रश्न एकदा तरी विचारावा. नाताळच्या माळा नीट गुंडाळून ठेवाव्यात. त्या पुढच्या वर्षी चालतात.

दुसरे, घरात ई-कचऱ्यासाठी एक वेगळा खोका ठेवावा. ओल्या-सुक्या कचऱ्यात तो मिसळू नये. ट्यूबलाइट फोडू नये. कागदात गुंडाळून उभी ठेवावी. मोबाइलच्या सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. फुगलेली बॅटरी दाबू वा टोचू नये, ती पेट घेते. इतर वस्तूंपासून दूर ठेवून लवकर केंद्रात द्यावी.

तिसरे, वाडीत किंवा शेताच्या बांधावर वायर जाळू नये आणि कोणाला जाळू देऊ नये. बावखलात, खाडीत किंवा पडक्या विहिरीत जुनी वस्तू लोटू नये. आपले पिण्याचे पाणी आणि आपला भाजीपाला त्याच जमिनीतून येतो.

चौथे, वस्तू देताना ती नोंदणीकृत केंद्राला द्यावी. अशा केंद्रांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर असते. युवक संघातील मुलांनी ती पाहून वडीलधाऱ्यांना सांगावी. ज्या कंपनीची वस्तू, तिची परत घेण्याची सोय असल्यास ती विचारावी. पावती अवश्य मागावी. मोबाइल वा संगणक देण्यापूर्वी त्यातील माहिती पुसून टाकावी आणि सिमकार्ड काढून घ्यावे. थोडे पैसे कमी मिळाले, तर ती आपल्या विहिरीच्या कठड्याची किंमत समजावी.

पाचवे, एकेका घरातून दोन-चार वस्तू निघतात, तेवढ्यासाठी केंद्राची गाडी येत नाही. सर्व घरांनी मिळून एकदाच दिले, तर येऊ शकते. म्हणून धर्मग्राम समितीपुढे आम्ही असा विचार ठेवत आहोत, की दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या निर्मितीच्या काळात, संत फ्रान्सिस यांच्या सणापूर्वीच्या एखाद्या रविवारी, चर्चच्या आवारात ई-कचरा गोळा करावा आणि तो नोंदणीकृत केंद्राकडे सोपवावा. चर्चचे जुने ॲम्प्लिफायर आणि बंद माइकही त्यात द्यावेत. जे पैसे येतील, त्यांचा विनियोग सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने कचरावेचकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी करावा. यावर समूहांनी आपले मत कळवावे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा या भागातील कुटुंबेच्या कुटुंबे आपले पाणी आणि आपली हिरवळ राखण्यासाठी रस्त्यावर उतरली होती. आपल्या विहिरीसाठी आपण लढलो, ते योग्यच केले. आता तेवढीच काळजी त्या विहिरींची घ्यायची आहे, ज्यांचे पाणी आपण कधी पिणार नाही, पण ज्यांच्या काठी आपला टीव्ही फोडला जातो. एदेन बागेत देवाने माणसाला ठेवले ते मशागत आणि राखण करण्यासाठी (उत्पत्ती २:१५). त्या बागेला आपल्या गावाची वेस नव्हती.

समूहात चर्चेसाठी :

(१) आपल्या घरात आज बंद पडलेल्या विजेच्या वस्तू किती आहेत? घरी जाऊन मोजा व पुढील बैठकीत सांगा.

(२) गेल्या पाच वर्षांत आपण दिलेल्या अशा वस्तू पुढे कोठे गेल्या, हे आपल्याला ठाऊक आहे काय?

(३) निर्गम २१:३३-३४ आणि लूक १६:१९-३१ हे उतारे एकत्र वाचा. या दोहोंत 'न दिसलेल्या' माणसाविषयी काय सांगितले आहे?

(४) आपल्या भागातील भंगारवाल्याचा रोजगार न बुडवता ई-कचरा योग्य केंद्रात जाईल, यासाठी आपला समूह काय करू शकेल?

बैठकीच्या शेवटी, आज कोठेतरी शेगडीच्या धुरात बसलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या मातांसाठी सर्वांनी मिळून एक आमच्या स्वर्गीय बापा म्हणावे.

ख्रिस्तात आपले,
प्रमुख धर्मगुरू